काकीच्या टोपातल्या गोगलगायी

लग्नानंतर बायकोला गोव्यात आमोण्याला आणलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने सांगून टाकलं, "हितं मेथी उगवली तर मी ऱ्हाते. न्हाईतर मला माझ्या आईकडं सोडून या."

तिचं चुकत नव्हतं. आम्ही गडहिंग्लजच्या बाजूची माणसं. भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांदा आणि चटणी नसली तर जेवलो असं वाटत नाही. इथल्या बाजारात मासळीचे ढीग, पण मेथीची जुडी मिळायची ती मान टाकलेली. त्यात मी कामावर गेलो की ती दिवसभर खोलीत एकटी. मी आठवीतून शाळा सोडून सेंट्रिंगच्या कामाला लागलेला माणूस; गोड बोलून कुणाचं मन वळवणं मला जमत नाही. फळ्या ठोकणं तेवढं जमतं. मोरजीच्या एका साइटवर बागेसाठी आणलेल्या कुंड्यांशेजारी जुन्या फळ्या टाकून दिल्या होत्या. मुकादमाला विचारून त्या टेंपोत घातल्या आणि खोलीमागे उंच वाफा बांधला.

मागची जागा घरमालकिणीची. आम्ही तिला काकी म्हणतो. विचारायला गेलो तर म्हणाली, "लाव रे पुता. माती काय मी उशाखाली घेऊन झोपतंय?"

चतुर्थीनंतर पाऊस ओसरला आणि मेथी उगवली. बायको वाफ्यातून मूठभर खुडायची, पाण्यात एकदा बुडवायची आणि भाकरीवर ठेवायची. जेवताना गुणगुणायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

मग एका सकाळी पानं गायब. नुसत्या काड्या उभ्या. दुसऱ्या दिवशी काड्याही आडव्या. बायकोने खाटेखालची बॅग काढली, झटकली आणि खाटेवर ठेवली. ती भांडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती.

त्याच आठवड्यात काकीने टोपभर कोंगे पाठवले होते. कोंगे म्हणजे शेतातल्या पाण्यात सापडणाऱ्या गोगलगायी; खोबऱ्याच्या वाटणात शिजवतात, आणि इथल्या लोकांचा त्यांच्यावर भारी जीव. मी खाल्ले, बायकोने नाक मुरडलं. पण टोप परत द्यायचा होता, आणि आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही. निदान पसाभर काहीतरी घालायचंच. बायकोने मेथी द्यायचं ठरवलं होतं. आता मेथी कुठली?

सकाळी वाफ्याची एक फळी उचलली, तर खाली मुठीएवढाल्या गोगलगायी. तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांच्या. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. मेथीचा चोर सापडला आणि काकीचा टोपही भरला. तिचे कोंगे सुपारीएवढे, हे त्यांचे बाप. हातानेच गोळा केल्या, वर ताट झाकलं आणि काकीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

काकीने ताट उचललं. एक गोगलगाय ताटालाच चिकटून वर आली.

"हें कितें रे?"

"कोंगे, काकी. मोठे बघून आणलेत."

काकीने सुनेला हाक मारली. सून साखळी गावातल्या दवाखान्यात नर्स, ड्यूटीला निघाली होती. तिने टोपात एकदा पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"आधी साबणाने हात धू. तोंडाला लावू नकोस. हे कोंगे नव्हेत, आफ्रिकन गोगलगायी आहेत." मी हात धूत असताना ती सांगत होती, "उंदरांच्या अंगात एक बारीक जंत असतो. उंदराच्या लेंड्यांतून तो हिच्यात येतो. ही पाल्यावरून फिरली, तिचा चिकटा किंवा एखादं बारकं पिल्लू पाल्यात राहिलं आणि तो पाला कच्चा पोटात गेला, तर जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मेथी कच्ची तर खात नाही ना?"

बायको माझ्यामागे येऊन उभी होती. "रोज," ती म्हणाली.

मी पुन्हा साबण उचलून हात घासायला लागलो. सुनेने ते पाहिलं. "प्रत्येक गोगलगायीत जंत असतोच असं नाही, पण बघून ते कळत नाही. काही आठवडे लक्ष ठेवा. डोकं फार दुखलं, मान आखडली, तर तडक दवाखान्यात या. आणि फळ्या आणल्या कुठून?"

"मोरजीहून. टेंपोतून."

"मग याही टेंपोतूनच आल्या असणार."

काकी टोपाकडे बघत म्हणाली, "भायल्यो त्यो, भायरून आयल्यात, तुमच्यासारख्योच. पण तुम्ही भाडें तरी दितात."

बायको खळखळून हसली. आमोण्याला आल्यापासून एवढी हसलेली मी पाहिली नव्हती. मला मात्र तेव्हापासूनच मान आखडल्यासारखी वाटू लागली.

पुढे रोज उठल्याबरोबर मी हनुवटी छातीला लावून बघायचो. कामावरही बघायचो. सोबतचे विचारायचे, "कुनाला नमस्कार घालतोस रं?" बायको म्हणायची, "अवो, मान दुखंल ती ह्या डोलवण्यानंच." दोघांनाही काही झालं नाही. तरी मी एकदा साखळीला जाऊन तपासून आलो. डॉक्टरांनी मान वाकवून बघितली आणि घरी पाठवलं. त्यांचे आभार मानताना मी एवढा वाकलो की ते म्हणाले, "मान ठीकच दिसतेय."

गोगलगायींचा बंदोबस्त सुनेने सांगितला तसा केला. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवायचं. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून उचलायच्या, मिठाच्या पाण्याच्या बालदीत टाकायच्या आणि मग खड्ड्यात पुरायच्या. शंखही फोडून पुरायचे, कारण रिकाम्या शंखात पाणी साचलं की डास होतात. काकी खुर्ची टाकून देखरेखीला बसायची. "ती बघ गो, फळयेपोंदा," असं म्हणत काठीने फळीखालची गोगलगाय दाखवायची. बायकोला ती भाषा पहिल्यांदा कळेना, मग कळायला लागली, मग ती तीच बोलायला लागली. मी कामावरून आलो की दोघी वाफ्याकडे तोंड करून गप्पा मारत बसलेल्या दिसायच्या.

फळ्या काढून मी वाफ्याला चिऱ्यांची कड केली. मेथी पुन्हा उगवली. आता ती कच्ची खात नाही; पान न् पान धुतो आणि शिजवतो. भाकरीबरोबर कांदा सोलून घेतो. पहिल्या मेथीची भाजी बायकोने लसणाची फोडणी देऊन केली आणि काकीचा टोप भरून दिला. टोप आधी राखेने, मग साबणाने, मग उकळत्या पाण्याने घासलेला होता, तरी काकीने झाकण जरा लांबूनच उघडलं.

दिवाळी होऊन गेली. बॅग खाटेखाली आहे. तिच्यात आता बायकोने कांदे ठेवलेत. काल काकीकडून तोच टोप आला, हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पातोळ्या घालून. बायको सकाळपासून माझ्या मागे लागली आहे, "टोपात काय घालायचं, सांगा की. तुम्ही मात्र आणायला जाऊ नका."