मसुऱ्याच्या वेशीबाहेर पाच दिवस

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आई मसुऱ्याला माझ्या विधवा वहिनीकडे राहायची. तिला कायमची मुंबईला आणायचं मी ठरवलं आणि नेमकी तेव्हाच मालवणच्या बाजूला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ पसरली. सगळे म्हणाले, थांब. मी कसला ऐकतोय!

मालवणच्या बोटीत चढायला टोचून घेतल्याचा दाखला लागे. सुई फुकट, पण दंड दोन दिवस ठणके. कित्येकांनी त्या भीतीने गावी जाणंच रद्द केलं. एरवी डेकवर पाय ठेवायला जागा नसे. त्या दिवशी जो तो आपापला पाण्याचा तांब्या मांडीत धरून हातभर लांब बसलेला. शेजाऱ्याला लाडू दिला, तर त्याने हात मागे घेतला. माझं डोकंच फिरलं.

मालवणातून मसुऱ्याची एस.टी. बंद होती. बैलगाडीवाल्याने दुप्पट भाडं घेतलं आणि अर्ध्या वाटेवर उतरवलं. पुढे ट्रंक डोक्यावर घेऊन चाललो.

वेशीवर काट्या टाकून वाट अडवलेली. पहाऱ्याला शेजारचे सखारामकाका. "भायलो माणूस तीन दिस हयसरच रवतलो," म्हणाले आणि बागेतल्या मांगराकडे, अवजारं ठेवायच्या खोपटाकडे, बोट दाखवलं. आई रोज दुपारी पेज आणि भाजलेला सुका बांगडा दगडावर ठेवी, लांबूनच बोले.

तिसऱ्या दिवशी मी सामान बांधून बसलो होतो. आई म्हणाली, "पंचांनी आणखी दोन दिस वाढयले." आणि आणखीच मागे सरली.

"माझ्याकडसून रोग लागतलो काय तुका?"

"व्हय रे बाबा. माका भय वाटता."

"इतकी भितंस जिवाक? मगे रव हयसरच."

ती पेज दगडावर ठेवून घराकडे वळली. मी पेजेला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी सखारामकाका रिकाम्या हातांनी आले. "वयनीक पटकी झालेली. ती वाचली. तिचा करता करता तुझी आवस... पहाटे गेली रे. आगसुद्धा दिली."

"माका कोणी सांगूक नाय?"

"तुझे तीन दिस कधीच सरले. पंचांनी काय वाढयला नाय. आवशीनच माझे हात धरल्यान, झिलाक आत सोडू नको म्हणान."

परतीला मालवण बंदरावर डॉक्टरांनी विचारलं, आजाऱ्याच्या जवळ गेला होता का? नाही म्हणालो. ते खरंच होतं. त्यांनी लगेच सोडलं.

मुंबईत बायकोने आईसाठी खाट लावून ठेवली होती. आई कशी गेली ते तिला सांगितलं. मी आईला काय बोललो ते मात्र कधीच सांगितलं नाही. आता बायकोही नाही. आज पहिल्यांदाच इथे लिहितोय.