आशीर्वाद देणारा डायनासोर

महाल भागातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, गोपाळराव चिताऱ्याच्या घरी माती कालवण्यापासून रंग चढवण्यापर्यंत सगळं काम बायकांच्या हातून होई, डोळे तेवढे सोडून. गणपती असो की शारदा, डोळे काढायचे ते घरातल्या कर्त्या पुरुषानं, आणि तेही सगळं आटोपल्यावर, अगदी शेवटी. त्यांची बायको चंद्रकलाबाई बावीस वर्षं माती तुडवत आली होती, सोंडा वळवत आली होती. डोळ्यांच्या बारीक कुंचल्याला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. कोणी लावू दिला नव्हता, असं म्हणणं जास्त खरं.

चौऱ्याहत्तर साली सिव्हिल लाइन्समधल्या एका छोट्या संग्रहालयाचं काम गोपाळरावांना मिळालं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे डायनासोर, हुबेहूब जिवंत वाटतील असे चार हवे होते. 'हुबेहूब' हा शब्द तिथले साहेब वामनराव फार तोंड भरून वापरत. त्यांनी तरी ती जनावरं कुठे पाहिली होती म्हणा! पुस्तकातली चित्रं समोर ठेवून नवराबायकोनं लोखंडी जाळीवर सिमेंट थापलं आणि चार महिन्यांत चारही धुडं उभी केली. रंगही चढला. रिवाजाप्रमाणे डोळे मागे ठेवले होते, आणि नेमकं तेव्हाच गोपाळरावांचं उजवं अंग लुळं पडलं.

"दुसरा कोनी चितारी पाहा," ते अंथरुणावरून म्हणाले.

"काहून? मी आहो ना."

"डोळ्याचं काम बाईचं नाही वं."

चंद्रकलाबाईनं वाद घातला नाही. ज्या हाताकडे ती बावीस वर्षं पाहत आली होती, तो हात तिला पाठ होता. दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती शिडीवर चढली आणि दोन दिवसांत आठही डोळे काढून मोकळी झाली. खाली उतरून पाहिलं तर थेट गोपाळरावांनीच काढल्यासारखे! तिचा ऊर भरून आला.

मग वामनराव पाहायला आले. त्यांच्यामागून झाडलोट करणारी तुळसाबाई आली. सगळ्यात मोठ्या, दात विचकलेल्या जनावराकडे तिनं मान वर करून पाहिलं, झाडू भिंतीला टेकवला आणि हात जोडले.

वामनरावांनी कपाळावर हात मारून घेतला आणि ते चंद्रकलाबाईकडे वळले. "अहो बाई, हे मांस खाणारं जनावर आहे! आणि उभं कसं आहे पाहा, आशीर्वाद देत!"

खरंच होतं ते. मोठाले पांढरे डोळे, किंचित झुकलेल्या पापण्या, खाली भक्तावर लागलेली मायाळू बुबुळं. कुठेही उभे राहा, जनावर तुमच्याकडेच कृपेनं पाहत होतं. चंद्रकलाबाईला दरदरून घाम फुटला. जन्मभरात एकदा कुंचला हाती आला होता आणि त्याचं असं हसं झालं.

"पंधरा दिवसांवर उद्घाटन आहे," वामनराव म्हणाले. "मुंबईहून कलाकार बोलावतो. तो करील नव्यानं."

"आठ दिवस द्या मले. नाही जमलं, तं बोलवा कोनालेही."

तिच्या आवाजात विनवणी नव्हती. वामनरावांना नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्वयंपाक उरकून, नवऱ्याला भरवून ती महाराजबागेतल्या प्राणिसंग्रहालयात जाऊ लागली. तिथे हौदात एक मगर होती. तिची नजर धरायला चंद्रकलाबाई कठड्याच्या डावीकडे गेली, उजवीकडे गेली, ओणवी झाली, 'शुक शुक'सुद्धा करून झालं. मगर ढिम्म. दोन दिवस असे गेले. रखवालदार हसत होता, त्याला हसू दे म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिला मगरीचा खरोखर राग आला, आणि रागारागात पाहताना उमगलं की या बयेला आपल्याशी काही देणंघेणंच नाही. समोर माणूस आहे की दगड, तिला सारखंच. मूर्तीचा डोळा समोरच्या माणसासाठी काढतात. हिचा डोळा हिच्या स्वतःच्या कामाचा होता.

मग तिनं नुसतं पाहायला सुरुवात केली. पांढरं कुठेच नव्हतं. पिवळसर हिरवा रंग, मधे उभी काळी चीर, वर हाडाच्या उंचवट्याची सावली.

ती शिडीवर परत चढली आणि जुने डोळे खरवडून काढले. पण हाताची खोड कुठे जाते? रेघ आपोआप मायाळू होऊन वळायची. तीनदा तिनं घासलेटच्या बोळ्यानं पुसून टाकलं, चौथ्यांदा काढलं. खांदा भरून आला तरी ती खाली उतरली नाही.

आठव्या दिवशी वामनराव मोठ्या जनावरासमोर उभे राहिले. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. "हा माझ्याकडे बघतच नाही," ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले.

"त्याले तुमच्याशी काय करायचं हाय, साहेब?"

वामनराव खदखदून हसले. मुंबईला निरोप गेलाच नाही.

उद्घाटनाला तिनं गोपाळरावांना सायकलरिक्षातून आणलं. लोक दात पाहत होते, शेपटी पाहत होते. बायकोच्या खांद्यावर भार टाकून उभ्या असलेल्या गोपाळरावांनी मात्र थेट डोळे पाहिले. एका जनावरापुढून दुसऱ्यापुढे जात त्यांनी चारही पाहिली, बराच वेळ लावून.

"हे मी नाही शिकवलं तुले," ते म्हणाले.

"नाही."

बापाकडून आलेलं काम त्यांच्या हातून गेलं होतं, आणि ते कुठे गेलं हे त्यांना आता समोर दिसत होतं. "औंदा गनपतीचे डोळे तूच काढ वं," ते कसेबसे बोलले.

हे शब्द ऐकायला चंद्रकलाबाईनं बावीस वर्षं घालवली होती. डोळे भरले, तरी ते तिनं पुसले नाहीत.

"काढीन," ती म्हणाली. "पन तुमच्यासारखे नाही काढनार."

गोपाळरावांनी मान हलवली आणि तिच्या खांद्यावरचा हात तसाच राहू दिला.