कंट्रोल ग्रुपमधली गाय

उज्जैनच्या आमच्या दवाखान्यातले दुसरे पशुवैद्य पन्नाशीत पीएचडी करत आहेत. नावाआधी 'डॉ.' आहेच, त्यामुळे पदवी मिळाली तरी पाटी बदलणार नाही, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. माझी पीएचडी झालेली असल्यामुळे तेवढा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

कोर्सवर्कला ते मुलांच्या वयाच्या लोकांबरोबर पहिल्या बाकावर बसले. सांख्यिकीत नापास झाल्यावर टावर चौकात पोहे खाता खाता सगळ्यांना हसत सांगितलं, "लटक गये, भैया!" मी असतो तर आठवडाभर रजा टाकली असती. ते पुन्हा परीक्षेला बसले आणि पास झाले.

गेल्या महिन्यात त्यांच्या प्रयोगातली एक गाय तापाने फणफणली. ती नेमकी औषध न द्यायच्या गटातली. औषध दिलं की ती प्रयोगातून बाद, आणि नव्या गाईवर सहा महिने पुन्हा तीच मोजमापं.

"अहो, दोन दिवस थांबा. उतरेल ताप," मी म्हणालो.

"तिला कुठे पता आहे साहेब, ती कंट्रोल ग्रुपमध्ये आहे म्हणून?" असं म्हणून त्यांनी इंजेक्शन दिलं आणि वहीतल्या तिच्या नोंदीवर आडवी रेघ मारली.

माझ्याही प्रयोगात अशी एक गाय होती. मी दोन दिवस थांबलो. ती मेली, आणि प्रबंधात मी 'मालकाने विकली' असं लिहिलं. परीक्षकांना माझ्या नोंदी फार आवडल्या होत्या.

त्यांची पीएचडी कधीच पूर्ण होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.