दीपमालेचा ठेका

आंजीत दीपमालेला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण, आणि तिच्याशी वाद घालून जिंकलेला त्याहून कठीण. सावंगीच्या दवाखान्यात ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. सकाळी स्कूटीवर जाते, संध्याकाळी येते, आणि चहा पिऊन एकदा मागच्या खोलीत शिरली की जेवणासाठी चार हाका मारल्याशिवाय बाहेर पडत नाही. वय चौतीस, लग्न केलेलं नाही. ‘काऊन नाई केलं?’ असं विचारणाऱ्या बाया गावात पुष्कळ. ‘वेळ नाई भेटला,’ एवढंच सांगून ती दार लावून घेते.

त्या खोलीत ती गाणी करते. एकटीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक जुना लॅपटॉप, एक माईक आणि नेटवरून फुकट उतरवलेलं सॉफ्टवेअर, एवढाच तिचा स्टुडिओ. खिडकीला गोधडी ठोकलेली. कपाटाची दारं सताड उघडी, कारण आतले कपडे आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात. गाताना पंखा बंद, कूलर बंद. वर्ध्याच्या एप्रिलात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला विचारावं. घामानं निथळत ती गाते, मग लॅपटॉपसमोर बसून आपलाच आवाज कापते, जोडते, त्यावर पेटी चढवते, ढोलकी चढवते. हे सगळं ती नेटवरच्या व्हिडिओंवरून शिकली. शिकवणारा परदेशातला पोरगा इतका भरभर बोलायचा की निम्मं डोक्यावरून जायचं. हिनं त्याचं बोलणं सोडून दिलं आणि पडद्यावरचा त्याचा बाण कुठे जातो तेवढं पाहत राहिली. कोणाच्या पाया पडून शिकायचा तिचा स्वभावच नाही.

घरात दुसरं माणूस एकच, तिचे बाबा कवडूजी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. कवडूजी आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायचे. पंच्याहत्तरी गाठली तरी कान शाबूत आणि जिभेला धार. बापलेकीचं चांगलं पटतं, म्हणजे रोज भांडण होतं.

या वर्षीचं भांडण मात्र रोजच्यातलं नव्हतं. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, विहारासमोर वाजवायचं म्हणून दीपमाला एक गाणं करत होती. गाणं तिच्या आजोबांवर, नत्थूजींवर. नत्थूजी गावात डफडं वाजवायचे. आवड म्हणून नव्हे. गावाच्या वरच्या पुऱ्यात, म्हणजे वरच्या जातींच्या वस्तीत, लग्न असो, पोळा असो, मयत असो, बोलावणं आलं की हातातला घास टाकून जायचं, दारापासून लांब उभं राहून वाजवायचं आणि उरलंसुरलं घेऊन घरी यायचं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन नत्थूजी परत आले आणि त्यांनी ते डफडं अंगणातल्या चुलीत घातलं. त्या जाळावर पाणी तापवून घरातल्या सगळ्यांनी आंघोळ केली. तेव्हापासून आजतागायत त्या घरात डफडं आलेलं नाही.

आता गाणं डफड्याचं आणि त्यात डफडंच नाही, हे दीपमालेला पटेना. सॉफ्टवेअरमध्ये ‘इंडियन’ म्हणून जी वाद्यं होती त्यांत तबला होता, ढोलक होती, घटमसुद्धा होता. डफडं नव्हतं. जसं काही ते या देशात कधी वाजलंच नाही! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘बाबा, मी कोणाचं तरी डफडं आणून राह्यली,’ तिनं जाहीर केलं. ‘आवाज भरून घेईन आन् परत करीन.’

‘या घरात नाई.’ कवडूजींनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

‘कोनासाठी वाजवायचं नाई. मले फक्त आवाज पाह्यजे.’

‘आवाज आला की मागून बोलावणं येते. माह्या बापानं जे जाळलं, ते मी पोरीच्या हातानं घरात घेऊ काय?’

बापाचा शब्द मोडायचा नाही आणि आपला हट्टही सोडायचा नाही, हे तिला लहानपणापासून जमतं. घरात डफडं नको ना? नको तर नको. तिनं परात वाजवली, धान्याच्या कोठीचं झाकण वाजवलं, प्लास्टिकची बादली पालथी घालून बडवली. एकेक ठोका माईकवर घेतला, सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चढवला आणि ठेका उभा केला. ठेका चांगला दमदार झाला. पलीकडच्या खोलीतून कवडूजी ओरडले, ‘हे डफडं होय? हा तं कचऱ्याचा डब्बा होय!’

ओरडले म्हणजे कान देऊन ऐकत होते. दीपमाला गालातल्या गालात हसली.

नेमके त्याच आठवड्यात भैय्याजी घरी आले. भैय्याजी म्हणजे गावातले मोठे शेतकरी, खताबियाण्यांच्या दुकानाचे मालक, दोनदा सरपंच झालेले. मे महिन्यात धाकट्या मुलाचं लग्न होतं, त्याची पत्रिका द्यायला ते स्वतः आले होते. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, अडीअडचणीला गाडी काढून देणारा. फक्त आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाला ते सरळ ‘कवडू’ म्हणायचे, आणि त्यात काही चुकतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मागच्या खोलीत ठेका चालू होता. ऐकता ऐकता भैय्याजींचा पाय हलायला लागला.

‘वा! काय रे कवडू, हा तं तुह्या बापाचा हात! आमच्या आबाच्या लग्नात नत्थू असाच वाजवे म्हन्तात. पोरीनं कम्प्युटरवर वाजवलं? मंग माह्या पोराच्या वरातीत हाच ठेका पाह्यजे. आर्वीचा डीजे सांगतला हाये. पहिले मान तुमचाच होता, आताही तुमचाच!’

आपण या घराचा मोठा गौरव केला, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. कवडूजी हातातल्या पत्रिकेकडे बघत राहिले.

दीपमाला दारात येऊन उभी राहिली. ‘भैय्याजी, हे जयंतीचं गाणं आहे. वरातीत नाई वाजणार.’

‘अवं, गाणं ठेव तुले! आमाले ठेका पाह्यजे. आजकाल नेटवर गाणं टाकलं की शब्द एकीकडे निंगतात आन् वाजा एकीकडे. तुहं गाणं जयंतीले बाहेर आलं की आमचा डीजेवाला, ऋग्वेद नावाचा पोरगा, दोन मिनिटात करते. तुले काई तरास नाई.’

भैय्याजींनी चहा घेतला, लग्नाला यायचं पुन्हा पुन्हा बजावलं आणि हसत हसत निघून गेले.

ते गेल्यावर कवडूजींनी पत्रिका कोनाड्यात टाकली. मग म्हणाले, ‘पुसून टाक ते.’

‘काऊन?’

‘म्हटलं होतं ना, आवाज आला की बोलावणं येते? आलं. पुसून टाक.’

भैय्याजी थापा मारत नव्हते. असं साधन नेटवर आहे, फुकट आहे, आणि दीपमाला स्वतःच ते कधीमधी वापरायची. तिनं आपलं गाणं त्यात टाकून पाहिलं. थोड्या वेळानं त्याचे दोन तुकडे बाहेर पडले. एकात तिचा एकटीचा आवाज, नत्थूजींची गोष्ट सांगणारा. दुसऱ्यात ठेका, धुतल्यासारखा स्वच्छ, त्यात एक शब्द नाही. त्यावर कोणीही नाचावं आणि आपण कशावर नाचतोय हे कोणाला कळूही नये! तिला रडू आलं, ते रागाचं. आजोबांनी जाळलेलं डफडं तिनं आपल्या हातानं पुन्हा घडवलं होतं आणि वरच्या पुऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची सोयही करून दिली होती. गाणं दाबून ठेवलं तर आजोबांची गोष्ट कोणाच्या कानावर जाणार नाही. बाहेर काढलं तर त्यांचा ठेका वरातीपुढे जाणार. ती पुसणार नव्हती आणि देणारही नव्हती, पण मधली वाट काही दिसेना.

ती वाट बाबांनीच दाखवली, तीही भांडता भांडता. दुसऱ्या दिवशी दीपमाला ठेका लावून बसली होती, तर ते तणतणत आत आले.

‘एक तं पुसत नाई, वरून चुकीचा वाजवते! असा होता काय तो?’ आणि हात जराही न हलवता, नुसत्या तोंडानं त्यांनी ठेका म्हणून दाखवला.

‘नाई जा, नाई जा, नाई वाजवत, जा!
नाई जा, नाई जा, नाई वाजवत, जा!’

दीपमालेनं चालू ठेका थांबवला. ‘हे काय होय, बाबा?’

मग कवडूजींनी सांगितलं. डफडं जाळल्यानंतरच्या पहिल्याच पोळ्याला वरच्या पुऱ्यातून माणसं बोलवायला आली. नत्थूजी दारात उभे राहून नाही म्हणाले. माणसं शिव्या देत परत फिरली, तेव्हा वस्तीतली पोरं डफड्याच्या ठेक्यावर हे शब्द म्हणत त्यांच्या मागे मागे गेली. त्या पोरांत सात वर्षांचा कवडू सगळ्यांच्या पुढे होता.

‘मंग आजपर्यंत काऊन नाई सांगतलं मले?’

‘तू इचारलं कुठं? तुले तं परात बडवायची होती.’

दीपमालेनं उठून कूलर बंद केला. ‘माईकसमोर बसा, बाबा.’

‘मी वाजवणार नाई.’

‘वाजवू नोका. नुसतं म्हना. आजोबानं हात थांबवला होता, तोंड थोडीच बंद केलं होतं!’

कवडूजींनी थोडा विचार केला, चष्मा काढून ठेवला आणि माईकसमोर बसले.

तिनं गाण्यातली ढोलकी काढली. परात, कोठी, बादली, सगळं काढलं. ठेका म्हणून बाबांचा आवाज तेवढा ठेवला. तोच आवाज एकावर एक चढवला आणि त्यातला एक थर चांगला खोल केला, ऐकणाऱ्याच्या छातीवर ठोका पडावा म्हणून. पण हौसेच्या भरात इतका खोल केला की नेटवरच्या साधनानं त्याला ढोल समजून वाजंत्रीच्या बाजूला टाकलं. ‘मले माणसातून काढलं की काय!’ कवडूजी भडकले. मग तिनं सगळी कारागिरी उतरवली. बाबांचा खोकला, मधेच घेतलेला दम, ‘जा’ म्हणताना फाटणारा आवाज, सगळं होतं तसं राहू दिलं. पुन्हा तपासून पाहिलं. आता शब्द काढले की ठेकाही जात होता आणि मागे उरत होती नुसती पेटीची कुरकुर. ज्याला ठेका पाहिजे त्यानं तो नकारासकट घ्यावा! दीपमालेनं आनंदानं बापाच्या हातावर टाळी दिली.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर गाणं वाजलं. पहिल्या कडव्यानंतर वस्तीतली पोरं ठेका म्हणायला लागली, दुसऱ्यानंतर त्यांच्या आया. कवडूजींच्या बरोबरीची आनंदाबाई, त्या पोळ्याला मागे मागे गेलेल्या पोरांतली एक, काठी टेकत उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणू लागली. कवडूजींचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. त्याच रात्री दीपमालेनं गाणं नेटवर टाकलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दीपमालेचा फोन वाजला.

‘ताई, डीजेवाला ऋग्वेद बोलतो, आर्वीचा. तुमच्या गाण्यातून ठेका निंगतच नाई ना. शब्द काढले की सगळंच जाते. अन् शब्द ठेवले तं...’ तो अडखळला. ‘वरातीत ते कसं वाजवावं? तुमच्यापाशी वाजवलेला ठेका वेगळा असन तं पाठवा ना.’

‘वाजवलेला नाईच. म्हटलेला आहे.’

पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला. ‘दीपमाला, मी भैय्याजी बोलतो. कोनं म्हटला?’

‘कवडूजीनं. त्याईलेच विचारा.’ तिनं फोन बापाच्या हातात दिला आणि त्याचा आवाज मोठा केला.

‘अरे कवडू, आपल्या घरचं लग्न आहे, एका दिवसाचा सवाल. साधा ठेका दे ना पाठवून. मान तुमचाच आहे बावा.’

भैय्याजींना आणि त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांना कवडूजी जन्मभर ‘हो जी’ म्हणत आले होते. वाद नको, गावात राहायचं आहे, असं म्हणून कितीदा तरी गप्प बसले होते. दीपमालेला वाटलं, आताही तेच होणार. तिनं फोन परत घ्यायला हात पुढे केला. कवडूजींनी तो दिला नाही.

‘ठेका पाह्यजे ना, भैय्याजी? घ्या.’

आणि ते उठून उभे राहिले, फोन तोंडाजवळ धरला, आणि म्हणू लागले.

‘नाई जा, नाई जा, नाई वाजवत, जा!
नाई जा, नाई जा, नाई वाजवत, जा!’

दम लागेपर्यंत म्हणाले. कवडूजींनी कपाळावरचा घाम पुसला.

‘ऐकू आलं ना? आता उद्या लग्नाले मी येतो. पाहुणा म्हणून येतो, पंगतीत बसून जेवतो.’

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन बंद केला.