डेल्फिनने सोडलेला घास

भर दुपारी वारा पडला की तळ्यावरून टक-टक आवाज येई, आणि डेल्फिन हातातलं काम टाकून खिडकीशी जाई. आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. देवदाराच्या दोन हलक्या काठ्या. एकीने पाण्यात उगवणाऱ्या तांदळाचे देठ होडीवर वाकवायचे, दुसरीने अलगद झटकायचे. पिकला दाणा होडीत पडतो, थोडा तळ्याला राहतो. तिचा नवरा ओरिन अस्सा झोडायचा. पण ओरिनला जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि तळ्याच्या त्या वळणात झोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नुसतं उघडं पाणी.

दुसरी कुणी असती तर दार लावून बसली असती. डेल्फिन चिमूटभर तंबाखू घेऊन काठावर जाई, नैवेद्यासारखी पाण्यात सोडी आणि म्हणे, "चुकले मी. आता पुरे कर रे." ती परत येऊन भांडी घासायला घेई.

चूक काय ते दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि तिच्या नणंदेला, लुसिलला. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर नव्या हंगामाचं काही स्वतः तोडायचं नाही, तोंडात घालायचं नाही. बोरं असोत, नाहीतर तळ्यात आपोआप उगवणारा रानतांदूळ, देवभात, आमचा मनोमिन. त्या त्या हंगामाचा पहिला घास दुसऱ्या कुणीतरी समोर बसवून भरवायचा, तेव्हा कुठे त्या अन्नाचं सुतक फिटतं. ओरिन गेला वसंतात. पानं लाल व्हायला लागली, तळ्यातली त्याची जागा पिकली, भरवायला कुणी आलं नाही, आणि डेल्फिनला राहवेना. ती एकटीच होडी घेऊन गेली. ओरिन दरवर्षी पहिला कच्चा दाणा दातांखाली फोडून "अजून दुधाळ आहे" म्हणायचा. म्हणायला तो नव्हता, म्हणून तिने फोडला. एवढंच. परत आली तर काठावर लुसिल उभी. ती वहिनीच्या ओठांकडे बघत राहिली.

पुढच्या हंगामात त्या वळणात तांदूळ आलाच नाही.

लुसिलने गावभर डांगोरा पिटला असता तर परवडलं असतं. मेजवानीत भाताचं पातेलं फिरायला लागलं की ती हलकेच पुटपुटे, "काहींना दम निघत नाही, भोगायचं मात्र सगळ्यांनी." डेल्फिन पातेलं पुढे सरकवी. तिने तांदूळ कायमचा सोडला. लोकांना वाटायचं, पोटाची तक्रार असेल.

अशात तिची भाची रेने विद्यापीठातून शिकून परत आली आणि तळ्याचा चिखल मागायला लागली. गावच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांनी हात झटकले: ओरिनची जागा, डेल्फिनला विचार.

"आत्या, नळीभर चिखल हवाय गं फक्त."

"तुझ्या त्या शिकलेल्या लोकांनी मागे पोतंभर बी नेलं होतं. मग आमचाच तांदूळ शेतात लावून दुकानात स्वस्तात विकला. आपला कोण घेतोय मग?"

"म्हणून तर या वेळी विद्यापीठाशी करार आपल्या मंडळाचा आहे. बी न्यायचं नाही. निकाल आधी आपल्याला, बाहेर सांगायचा की नाही तेही आपणच ठरवायचं."

"छान आहे. तरी नाही."

"पण का?"

"गुडघे दुखतात माझे."

"चिखल काढायला मी उतरणार आहे, तुझे गुडघे नाहीत!"

खरं कारण सांगायची सोय नव्हती. चिखल थरावर थर साठतो, असं रेने म्हणाली होती. देवभाताच्या पात्यांत काचेसारखे बारीक कण असतात, ते कुजत नाहीत. ते मोजले की कुठल्या काळी किती पीक होतं ते कळतं. म्हणजे तिचा तो हंगामही खाली पडून असणार. आधी भरभरून, मग एकदम काही नाही. हे सगळं रेने गावासमोर भिंतीवर दाखवणार.

पण पुढच्या उन्हाळ्यात खालच्या वळणातलेही देठ खुरटले. उपटून पाहिले तर मुळं काळी. आता लोकांच्या चुलीपर्यंत पोचलं हे, असं डेल्फिनला वाटलं आणि तिचा धीर सुटला. तिने रेनेला बोलावलं. "ने तुझा चिखल. कळू दे एकदा सगळ्यांना."

निकाल आला त्या दुपारी तिने आपणहून लुसिलला बोलावून घेतलं. "बस. तुझा हक्क आहे ऐकायचा."

रेनेने टेबलावर चिखलाच्या थरांचं चित्र पसरलं. "ओरिनकाका गेले त्याच्या किती तरी आधीपासून तांदूळ कमी होत आलाय. तुमचं लग्न नवं होतं तेव्हापासून. हा बघ, वरच्या अंगाला खाण सुरू झाली तो थर. तिच्या पाण्यातलं गंधक चिखलात मुरलं, त्याचं विष झालं, मुळं काळी पडली. वर्षाला थोडं थोडं. रोज बघणाऱ्याला कळलंही नसेल, शेवटचं उरलंसुरलं गेलं तेव्हाच दिसलं. खाणीने ते पाणी सोडावं की नाही यावर आता सरकारी सुनावणी आहे, आत्या. हे सगळं तिथे मांडायचं म्हणते मी."

लुसिल हळूच म्हणाली, "ओरिन म्हणायचा. पूर्वी एका दिवसात दोनदा भरायची होडी."

"माझी चूक होती तेच बरं होतं," डेल्फिन एकदम बोलली. "माफी तरी मागता येत होती. वाटायचं, कधीतरी दया येईल तळ्याला. त्या खाणीला कुठली दया?"

तेवढ्यात बाहेर टक-टक सुरू झालं. डेल्फिनने मान वळवली, आणि पाहते तर लुसिलचीही मान खिडकीकडे.

"तुला येतो ऐकू?"

"पहिल्यापासून." लुसिलने खिडकीकडे पाठ फिरवली. "तुला भरवायचं काम माझं होतं, वहिनी. भाऊ माझा गेला होता ना, आणि सगळे सांत्वन तुझंच करत होते, म्हणून मी रुसून बसले. तू वाट बघितलीस, मी आलेच नाही. मला वाटायचं, ओरिन मलाच बोल लावतोय."

रेनेनेही कान दिला. तिला फक्त फ्रीजची घरघर ऐकू आली.

लुसिल उठून घरी गेली आणि तासाभराने वाफाळता वाडगा घेऊन आली. शेजारच्या तळ्याचा तांदूळ, वर मेपलची साखर. ती डेल्फिनच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"तोंड उघड."

"लहान आहे का मी?"

"उघड म्हणते ना."

लुसिलने चमचा पुढे केला. डेल्फिनने घास घेतला. ती चावत राहिली, मोठा वेळ, डोळे मिटून. मग गिळला आणि रेनेकडे बघितलं.

"तुझ्या त्या चिखलात हे निघालं का गं?"

"काय, आत्या?"

"मी इतकी वर्षं खाल्ला नाही ते."

रेनेने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही. ते कशातच नाही निघत."

"मग तुझा चिखल ने सुनावणीला," डेल्फिन म्हणाली, "आणि मलाही ने."