बाटलीतलं खाजण

दादा गेला तेव्हा मी मंडईत होते. मेथीची जुडी निवडत होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनींचा फोन आला, "ताई, लगेच या..." बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन जिने धापा टाकत चढले. दादा गॅलरीतल्या खुर्चीत नेहमीसारखाच बसलेला होता. त्याला आता महिना होऊन गेला.

माझा हा थोरला भाऊ कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, पण त्याचा जीव कोकणातल्या एका खाजणात. खाजण म्हणजे समुद्रालगतचं उथळ, निमखारं तळं. पावसाळा सरला की लाटा वाळू लोटतात आणि त्याची समुद्राकडची वाट बुजते. गावकरी ती वाळू कापतात. घाईने कापली तर खारं पाणी शिरून तळाचं गवत मरतं, आणि कोळंबीची पिल्लं त्या गवतातच वाढतात. उशीर झाला तर पाणी कुजून मासे मरतात. कधी कापायची ते दादा पाणी मोजून सांगायचा. एकेकाळी त्या लोकांनी याला हसण्यावारी नेलं होतं. पुढे पुढे तिथला रघुनाथ कोळी फोनवर म्हणायचा, "सरांनी सांगल्याशिवाय आमी वाळू कापूचव नाय."

मग दादाला पक्षाघात झाला आणि ते तीन जिने त्याला कायमचे बंद झाले. रघुनाथ दर महिन्याला एसटीच्या पार्सलने पाण्याची बाटली पाठवू लागला. दादा आधी वास घ्यायचा, मग थेंब काचेवर टाकून दुर्बिणीसारख्या नळीतून क्षार बघायचा आणि वहीत लिहायचा. "सुमे, चौघांना सांगून खुर्चीसकट खाली उतरवा मला, एकदा जाऊन येऊ," हे त्याचं पालुपद. मी म्हणायचे, दिवाळीनंतर बघू. प्रवासात काही झालं तर... खरं सांगायचं तर मी भित्री. त्याला जपता जपता मीच दाराला कडी घालून बसले.

गेल्या वर्षी एक बाटली वाटेतच फुटली. त्याचा चेहरा पडेल म्हणून मी दुसऱ्या बाटलीत नळाचं पाणी घेतलं, चमचाभर मीठ ढवळलं आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग नेहमीसारखं सगळं मोजलं, वहीत लिहिलं आणि रघुनाथला फोन लावला. एका गावाची कोळंबी मी चमच्याने ढवळली होती, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं. दादा म्हणाला, "यावेळचं पाणी वाया गेलं रे. दुसरं पाठव. तोवर वाळूला हात लावू नका."

फोन ठेवून मला म्हणाला, "खाजणात आयोडीनचं मीठ कधीपासून टाकायला लागले?" मी हसले. तो हसला नाही. त्यानंतर त्याने तिकडे जायचं नाव काढलं नाही, आणि मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं झालं.

परवा रघुनाथची बाटली आली. सर नाहीत हे त्याला ठाऊक आहे, तरी पाठवली. फोनवर म्हणाला, "ताई, आता तुमीच बघा." मी बूच काढलं. चिखलाचा, शेवाळाचा उग्र वास... दादाच्या खुर्चीत बसून थेंब काचेवर टाकला, आकडा वाचला आणि लिहायला वही उघडली. पानं चाळताना तो महिना सापडला. मोजलेलं खोडायचं नाही, हा त्याचा नियम. त्याच्या थरथरत्या अक्षरात तीन ओळी होत्या.

ठिकाण : बिबवेवाडी, तिसरा मजला.
क्षार : घरचे.
समुद्राकडची वाट : बंद.