पुठ्ठ्याची गनबोट

"सावकाश. आरमार कुठे पळून जात नाही," असं म्हणत काका ओल्या डिंकावर फुंकर घालायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, राग आला की ज्यांचा आवाज आणखी मऊ होतो.

मी डचांच्या देशात, बाडहूव्हडॉर्प गावी, त्यांच्या घरी भाड्याने राहत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाबद्दल लिहायचं तर अजून हात अडखळतो. काका विमानतळाच्या गोदामात कामाला होते. तिथला टाकाऊ पुठ्ठा आणून त्यांनी शंभर वर्षांपूर्वीची एक अमेरिकन गनबोट केली होती. पांढरीशुभ्र, छोट्या तोफांची. मला सांगायचे, "आधी फिलिपिन्सच्या बेटांत गस्त, मग चिनी नद्यांत. म्हातारपणी नव्या खलाशांची शाळा, शेवटी भंगार. मोठ्या लढाईत हिचं नाव नाही. राबली मात्र जन्मभर."

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आराशीशेजारी मांडायला त्यांनी ती दिली. मंडळाचे अध्यक्ष आयटीतले साहेब. त्यांनी बोटीपुढे 'निर्मिती' अशी पाटी लावली आणि खाली स्वतःचं नाव. काकांनी विचारलं तर म्हणाले, "अहो काका, मंडळाचं ते सगळ्यांचंच की." विसर्जनानंतर बोट साहेबांच्या दिवाणखान्यात गेली.

"भांडा ना," मी म्हणालो.

"सावकाश."

उन्हाळ्यात मंडळाची सहल तळ्याकाठी होती. पाहुण्यांना दाखवायला साहेब बोट घेऊन आले. काका अगदी मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, एवढी खपून केलीत, एकदा पाण्यात सोडा की." पोरं लगेच डचमध्ये गलका करू लागली.

मी काकांची बाही ओढली. "काका, पुठ्ठा आहे. डिंक विरघळेल."

"मला माहीत आहे. ज्यांनी केली त्यांनाही माहीत असेलच."

बोट क्षणभर ऐटीत तरंगली. मग पोटाशी फुगली, कलली, तोफा एकेक करून गळाल्या. साहेब बुटांसकट पाण्यात उतरले. हातात लगदा घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, तुमची बोट..."

"माझी?" काका म्हणाले. "तुमची होती ना?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी मान खाली घातली ती वर केली नाही. काका सायकल काढून पुढे निघून गेले. वाटेत मी दोनदा हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही.

नंतर ते नीउ-व्हेनेपला मुलीकडे राहायला गेले, तिथेच वारले. भेटायला गेलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा पुठ्ठे आणत राहिले. कापला एकही नाही." पलंगाखाली सगळे नीट रचलेले होते, कोरे.